गुरूच्या आधी मैत्रीण : कल्ट आणि किशोरवय यांवरील कादंबऱ्यांचा आढावा

प्रश्न कोणता आहे

चौदा-पंधरा वर्षांचे मूल कुणाच्या तरी भजनी लागते. घराशी बोलणे कमी होते, मग तुटते. पुढे त्याच्या हातून भलतेच काही घडते किंवा घडता घडता राहते. या कथासूत्रावरच्या कादंबऱ्या गेल्या दशकात एकामागून एक आल्या. एमा क्लाइन यांची ‘द गर्ल्स’ (२०१६), विल हिल यांची ‘आफ्टर द फायर’ (२०१७), आर. ओ. क्वॉन यांची ‘द इन्सेंडिअरीज’ (२०१८) आणि जपानी लेखिका नात्सुको इमामुरा यांची ‘होशी नो को’ (२०१७) ही त्यांतली ठळक नावे. चौघांची भूमी वेगळी, शैली वेगळी, पण प्रश्न एकच: मूल तिथे कसे पोहोचते? त्याला फसवून नेले जाते, की काहीतरी शोधत ते स्वतःच्या पायांनी चालत जाते?

हा प्रश्न साहित्यापुरता नाही. समाजशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, न्यायालये आणि पालक साठ वर्षे त्यावर वाद घालत आहेत. त्या वादात कादंबरीने नेमकी कोणती भर घातली आणि काय अजून सुटायचे राहिले आहे, याचा हा आढावा. एका व्यक्तीचा शब्द अंतिम मानणारा, सदस्याला बाहेरच्या नात्यांपासून तोडणारा आणि बाहेर पडण्याची भारी किंमत वसूल करणारा गट, या अर्थाने इथे ‘कल्ट’ हा शब्द वापरला आहे. तो गट धार्मिक असेलच असे नाही, आणि निष्ठेने एकत्र येणारा प्रत्येक समूह कल्ट ठरत नाही. सीमारेषा कुठे आखायची, हाही या वादाचाच एक भाग आहे.

आधीची परंपरा

देव, मंडळी आणि वाढते वय यांची सांगड कादंबरीने फार पूर्वीच घातली होती. जेम्स बाल्डविन यांच्या ‘गो टेल इट ऑन द माउंटन’ (१९५३) या कादंबरीत हार्लेममधल्या जॉन ग्राइम्सचा चौदावा वाढदिवस आहे. दिवस संपता संपता तो चर्चच्या वेदीपुढे कोसळतो आणि ‘उद्धार’ पावून उठतो. त्याला खरोखर काही गवसले, की कठोर सावत्र बापाच्या छायेतून सुटण्याचा तेवढाच एक मार्ग उरला होता, हे बाल्डविन उघड करत नाहीत. ते स्वतः चौदाव्या वर्षी प्रवचनकार झाले होते आणि काही वर्षांनी त्यांनी चर्च सोडले. श्रद्धेची ऊब आणि तिचा धाक ही दोन्ही त्यांनी अंगावर घेतली होती, म्हणून कादंबरीत दोन्ही सारख्याच खऱ्या वाटतात.

जेनेट विंटरसन यांची ‘ऑरेंजेस आर नॉट द ओन्ली फ्रूट’ (१९८५) इंग्लंडच्या लँकेशायरमधली आहे. पेंटेकोस्टल कुटुंबाने दत्तक घेतलेली मुलगी मोठी होऊन धर्मप्रचारक होणार, हे आईने आधीच ठरवलेले असते. ती एका मुलीच्या प्रेमात पडते, तेव्हा मंडळी तिच्या अंगातले भूत काढायला बसतात. विंटरसन यांनी प्रकरणांना बायबलच्या जुन्या करारातल्या ग्रंथांची नावे दिली आणि जी भाषा मुलीवर लादली गेली त्याच भाषेत तिच्या सुटकेची गोष्ट सांगितली. या मंडळीला कल्ट म्हणणे अनेकांना पटणार नाही. तरी पुढच्या सगळ्या कादंबऱ्यांचे मूळ प्रश्न इथे मांडलेले आहेत: आईचे प्रेम आणि पंथाची शिस्त एकमेकांपासून वेगळी कशी करायची? आणि बाहेर पडल्यावर आपली म्हणून कोणती भाषा उरते?

तिसरा धागा धर्माबाहेरचा आहे. १९६७मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथल्या क्यूबर्ली हायस्कूलमध्ये रॉन जोन्स या इतिहासशिक्षकाने नाझी जर्मनी समजावून देण्यासाठी वर्गात शिस्त, घोषवाक्य आणि खास सलाम यांचा प्रयोग सुरू केला. मुले त्यात इतकी रंगली की काही दिवसांतच त्याला तो थांबवावा लागला. त्यावरची टॉड स्ट्रासर यांची ‘द वेव्ह’ (१९८१) आजही जर्मनीतल्या शाळांमध्ये वाचली जाते. तिच्यातला रॉबर्ट हा वर्गात सगळ्यांच्या चेष्टेचा विषय असलेला मुलगा या चळवळीत पहिल्यांदाच कुणीतरी होतो आणि ती संपते तेव्हा सर्वांत जास्त तोच कोसळतो. देव नसला, दाढीवाला गुरू नसला तरी आपलेपणाची भूक तेच काम करते, हे या छोट्या पुस्तकाने दाखवून दिले.

प्रत्यक्षातल्या घटना

या परंपरेला काळी किनार चढली ती खऱ्या घटनांनी. ऑगस्ट १९६९मध्ये लॉस एंजेलिसमध्ये चार्ल्स मॅन्सनच्या टोळीने अभिनेत्री शॅरन टेटसह अनेकांची हत्या केली. जगाला सर्वांत जास्त हादरा बसला तो खुनी हातांमध्ये विशीच्या आसपासच्या मुली होत्या याचा. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातल्या जोन्सटाउन या पंथाच्या वस्तीत आणि तिच्या बाहेर मिळून ९१८ जण मेले. त्यांत सुमारे एक तृतीयांश अल्पवयीन होते. टेक्सासमधल्या वेको इथे एका पंथाच्या वस्तीला पडलेला ५१ दिवसांचा वेढा १९ एप्रिल १९९३ रोजी आगीत संपला आणि मुलांसह ७६ जणांचा अंत झाला. २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो पंथाच्या अनुयायांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. त्यात एकूण १४ जण दगावले आणि हजारोंना बाधा झाली. या पंथाच्या वरच्या फळीत विज्ञान आणि वैद्यक शिकलेले तरुण होते. अडाणी माणूसच बुवाच्या नादी लागतो, हा समज त्या दिवशी जपानमध्ये मोडून पडला.

प्रत्येक घटनेनंतर लोकांनी एकच विचारले: चांगल्या घरची मुले तिथे गेलीच कशी? उत्तरे मात्र तीन प्रकारची आली.

तीन भूमिका

पहिली भूमिका मन ताब्यात घेण्याची. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी चीनमधल्या ‘विचार-सुधारणे’तून बाहेर आलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९६१च्या ग्रंथात अशा व्यवस्थेची आठ लक्षणे मांडली. माहितीवर नियंत्रण, शुद्धतेची सततची मागणी, कबुलीजबाबाची सक्ती, गटाची खास भाषा ही त्यांतली काही. सत्तरच्या दशकात मार्गारेट सिंगर यांनी हा विचार नव्या पंथांना लावला. मुलगा किंवा मुलगी गेली ती स्वतःच्या इच्छेने गेलेली नाही, तिची इच्छाच बदलली गेली, हे ऐकून पालकांना मोठा आधार मिळाला. याच काळात टेड पॅट्रिक यांच्यासारख्यांनी तरुणांना पंथातून उचलून आणून, कोंडून, त्यांचे ‘मन परत वळवण्या’चा उद्योग केला. सुटकेच्या नावाखालची ही सक्ती पुढे न्यायालयांतही गाजली.

दुसरी भूमिका समाजशास्त्रज्ञांची. जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क यांनी युनिफिकेशन चर्चच्या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या छोट्या गटाचा अभ्यास करून १९६५मध्ये धर्मांतराच्या सात पायऱ्या मांडल्या. मनातला ताण, उत्तर धर्माच्या वाटेने शोधण्याची सवय, साधकवृत्ती, आयुष्यातले वळण, गटातल्या कुणाशी जिव्हाळा, बाहेरच्या नात्यांची वीण सैल होणे आणि शेवटी दाट सहवास, असा तो क्रम. यात शिकवणुकीपेक्षा नात्याला जास्त वजन होते. ब्रिटनमध्ये आयलिन बार्कर यांनी ‘द मेकिंग ऑफ अ मूनी’ (१९८४) या ग्रंथात त्याच पंथाच्या शिबिरांना गेलेल्यांचा माग काढला. दहातले सुमारे नऊ जण सामील झालेच नाहीत आणि जे झाले त्यांच्यातले बरेच काही वर्षांत आपणहून बाहेर पडले. मन धुऊन काढण्याची अचूक विद्या पंथांकडे असती तर हे घडले नसते, असा त्यांचा निष्कर्ष. १९८७मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने सिंगर यांच्या गटाचा अहवाल शास्त्रीय काटेकोरपणा कमी असल्याचे सांगून स्वीकारला नाही. अभ्यासकांच्या या फळीवर उलट टीका झाली ती अशी की पंथातून बाहेर पडलेल्यांच्या जखमांना ती पुरेसे वजन देत नाही.

तिसरी भूमिका या दोन्हींच्या मधून वाट काढते. जान्या लालिच या स्वतः एका डाव्या राजकीय कल्टमध्ये अनेक वर्षे होत्या. ‘बाउंडेड चॉइस’ (२००४) या ग्रंथात त्यांनी मांडले की सदस्य निवड करतो, ती निवड त्याला स्वतःची वाटतेही, पण ज्या कुंपणाच्या आत ती होते ते कुंपण दुसऱ्याने घातलेले असते आणि दिवसेंदिवस आवळत जाते. इच्छा संपूर्ण हिरावली गेली असे इथे म्हटलेले नाही, आणि ती पूर्ण मोकळी होती असेही नाही.

कल्टवरच्या कादंबऱ्या वाचताना या तिन्ही भूमिका हाताशी असाव्यात. चांगली कादंबरी यांपैकी एकीचीच वकिली करत नाही, पण तिचा कल कळतो.

आत जाणारी वाट : ‘द गर्ल्स’ आणि ‘द इन्सेंडिअरीज’

मॅन्सन प्रकरणावर बेतलेल्या ‘द गर्ल्स’मधली एव्ही बॉइड १९६९च्या उन्हाळ्यात चौदा वर्षांची आहे. उत्तर कॅलिफोर्नियातले खाऊनपिऊन सुखी घर. आईवडिलांचा घटस्फोट झालेला, आई नव्या पुरुषांत आणि नव्या उपचारांत गुंतलेली, जिवलग मैत्रिणीशी बिनसलेले, आणि सुटी संपली की बोर्डिंग शाळेत रवानगी ठरलेली. बागेत तिला लांब केसांच्या, मळक्या कपड्यांतल्या, कुणाची पर्वा नसलेल्या मुली दिसतात. त्या हॉटेलच्या कचऱ्यातून खाणे उचलत असतात. त्यांच्यातली सुझॅन तिच्या मनात घर करते. रसेल हा गुरू पुस्तकात बराच नंतर येतो आणि आल्यावरही तो सामान्यच वाटतो: गाण्याची मध्यम कुवत, गोड बोलणे, पोरींना वापरून घेण्याची हातोटी. एव्ही रानातल्या त्यांच्या घरी पुन्हा पुन्हा जाते ती सुझॅनसाठी.

लॉफलंड आणि स्टार्क यांच्या सात पायऱ्या एव्हीच्या उन्हाळ्याशेजारी ठेवल्या तर धर्माशी संबंधित पायरी सोडून बाकी जवळजवळ सगळ्या जुळतात. क्लाइन यांचे यश असे की हा क्रम वाचकाला क्रम म्हणून जाणवत नाही. आईच्या पाकिटातून पैसे काढणे, लोकांच्या घरात शिरणे, नको असलेल्या स्पर्शाला होकार समजणे, यांतली प्रत्येक गोष्ट आदल्या गोष्टीपेक्षा फक्त थोडी पुढची असते. चौदा वर्षांच्या मुलीला ‘तू आम्हाला दिसलीस’ असे कुणीतरी वाटायला लावणे हीच इथली दीक्षा.

टोळी खून करायला निघते त्या रात्री सुझॅन एव्हीला मोटारीतून उतरवून देते. तिला वाचवण्यासाठी, की ती कच्ची होती म्हणून? मध्यमवयीन झालेली एव्ही हे आयुष्यभर विचारत राहते आणि त्यामागचा दुसरा प्रश्न तिला त्याहून छळतो: मी तिथे असते तर मीही तेच केले असते का? कादंबरी उत्तर देत नाही. क्लाइन यांच्यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक, उपमांनी वाक्ये जड होतात. दुसरा, आणि अधिक गंभीर, की खऱ्या हत्याकांडाला उन्हाळी सुटीचा सोनेरी प्रकाश दिला जातो. पहिला आक्षेप काही पानांपुरता खरा आहे. दुसऱ्याचा विचार पुढे येईल.

‘द इन्सेंडिअरीज’ कॉलेजच्या वयाची आहे. कोरियात जन्मलेली फीबी लिन एकेकाळी पियानोवर जीव ओवाळणारी. तिच्या हाती गाडी असताना अपघातात आई गेली आणि त्या अपराधाखाली ती दबलेली. जॉन लील हा अनवाणी फिरणारा तरुण उत्तर कोरियाच्या छळछावणीत राहिल्याचे सांगतो आणि ‘जेजा’ नावाचा गट जमवतो. फीबी त्यात जाते आणि गटाची वाट गर्भपात केंद्रांवरच्या बॉम्बस्फोटापर्यंत पोहोचते. तिच्यावर प्रेम करणारा विल हा कट्टर ख्रिस्ती श्रद्धा गमावून आलेला मुलगा आहे. स्वतः क्वॉन यांची श्रद्धा किशोरवयातच सुटली होती. देव गेल्यावर मनात जी पोकळी राहते तिचे वर्णन या कादंबरीइतके नेमके या यादीत दुसरीकडे नाही.

क्वॉन यांनी रचनेतच एक अडचण पेरून ठेवली आहे. फीबीची प्रकरणे विलच्या कल्पनेतून आलेली आहेत. आत गेलेल्या मुलीच्या मनात काय चालले होते हे बाहेर राहिलेला मुलगा रचून पाहतो, आणि त्याचे रचणेही शंकेच्या बाहेर राहत नाही, कारण तिच्यावर त्याने स्वतः केलेला अत्याचार त्याच गोष्टीत आहे. मुलीच्या इच्छेबद्दल तिच्याखेरीज सगळेच बोलतात: गुरू, प्रियकर, पोलीस, वर्तमानपत्रे. या कादंबरीचे हे निरीक्षण वादातल्या तिन्ही पक्षांना लागू पडते.

आत जन्मलेली मुले

वर सांगितलेल्या सर्व सिद्धांतांत मूल बाहेरून आत जाते. पण ज्याला जाण्याचा क्षणच नाही त्याचे काय? आईवडिलांनी निवड केली आणि मूल त्या निवडीत वाढले, ही दुसऱ्या पिढीची गोष्ट. सध्या सर्वांत जास्त नवे लेखन आणि सर्वांत अवघड प्रश्न याच भागात आहेत.

‘आफ्टर द फायर’मधली सतरा वर्षांची मूनबीम टेक्सासमधल्या एका बंदिस्त वस्तीत वाढली. वेकोची प्रेरणा उघड आहे. आगीतून वाचलेली ही मुलगी मानसोपचारतज्ज्ञ आणि तपास अधिकारी यांच्यासमोर थोडे थोडे बोलते, आणि प्रकरणे ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी आलटून पालटून येतात. तिला वस्तीतले चांगले दिवसही आठवतात आणि ते आठवल्याची लाजही वाटते. याला प्रत्यक्षातला आधार आहे. वेकोतून वेढ्याच्या काळात बाहेर सोडलेल्या २१ मुलांसोबत मानसोपचारतज्ज्ञ ब्रूस पेरी यांनी काम केले. वरून शांत दिसणाऱ्या मुलांचे हृदयाचे ठोके सतत वाढलेले असत, असे त्यांनी नोंदवले आहे. मुलांना घाईने उपदेश करण्याऐवजी ठरलेली दिनचर्या आणि भरवशाची माणसे देण्यावर त्यांच्या पथकाचा भर होता.

जपानी साहित्यात हा विषय अधिक खोल गेला. हारुकी मुराकामी यांनी सारिन हल्ल्यातल्या पीडितांच्या मुलाखतींचे ‘अंडरग्राउंड’ (१९९७) केले आणि पुढच्या वर्षी ओमच्या आजी-माजी अनुयायांना बोलते केले. माणसाला जगायला स्वतःची एक गोष्ट लागते आणि ती रचता आली नाही की तो दुसऱ्याची उसनी घेतो, असा विचार त्यांनी त्या कामात मांडला. पुढे ‘वन क्यू एटी फोर’ (२००९-१०) या कादंबरीत त्यांनी पंथात वाढलेल्या दोन मुली उभ्या केल्या. फुकाएरी दहाव्या वर्षी पळालेली. आओमामे शाळेत जेवणापूर्वी सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागणारी, रविवारी आईबरोबर दारोदार फिरणारी. वर्गातल्या मुलांच्या नजरा तिच्या अंगावर कशा पडत, ते वर्णन पंथाच्या कुठल्याही तत्त्वज्ञानापेक्षा जास्त काही सांगून जाते.

इमामुरा यांची ‘होशी नो को’ या सगळ्यांत मितभाषी आहे. तान्ह्या चिहिरोचे त्वचेचे दुखणे एका खास पाण्याने बरे झाले असे आईवडिलांना वाटते आणि कुटुंब त्या पाण्यामागच्या पंथात ओढले जाते. घर लहान लहान होत जाते, थोरली बहीण निघून जाते, मामा बाटल्यांतले पाणी गुपचूप बदलून खोटेपणा दाखवू पाहतो आणि आईबाप बिथरतात. चिहिरो आता शाळेच्या शेवटच्या वर्षांत आहे. तिला सगळे दिसते, तिच्या आवडत्या शिक्षकाचे शब्द तिला लागतात, पण आईवडिलांचे तिच्यावरचे प्रेम खोटे नाही हेही तिला माहीत आहे. शेवटी ती त्यांच्याबरोबर बसून आकाशात तुटता तारा शोधते. ती जाणार की राहणार, हे पुस्तक सांगत नाही. २०२०मध्ये तात्सुशी ओमोरी यांनी यावर चित्रपट केला.

८ जुलै २०२२ रोजी माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. आरोपीच्या आईने युनिफिकेशन चर्चला दिलेल्या प्रचंड देणग्यांनी त्याचे घर उद्ध्वस्त झाले होते, हे तपासात पुढे आले आणि पंथात वाढलेल्या दुसऱ्या पिढीचा प्रश्न जपानभर चर्चेला आला. त्याच वर्षाच्या अखेरीस देणगीसाठी दबाव आणण्याला आळा घालणारा कायदा झाला आणि धर्माच्या नावाखाली होणाऱ्या बालछळाबाबत सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या. मार्च २०२५मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने त्या चर्चच्या विसर्जनाचा आदेश दिला. दुसऱ्या पिढीचा हा प्रश्न इमामुरा यांनी आबे यांच्या हत्येच्या पाच वर्षे आधी एका स्वयंपाकघरात बसून पाहिला होता.

गोष्ट कुणाची

खऱ्या घटनेवर कादंबरी लिहिताना बळी पडलेल्यांचे काय, हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. मॅन्सनवर पुस्तके आणि चित्रपटांची रीघ लागली, मेलेल्यांची नावे मात्र कमी लोकांना आठवतात. याच्या बचावात म्हटले जाते की क्लाइन यांनी गुरूला जाणूनबुजून लहान केले आणि मुलींना मध्यभागी आणले. ‘द गर्ल्स’नंतर वर्षभराने डायॅन लेक यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. त्या खरोखरच चौदाव्या वर्षी मॅन्सनच्या टोळीत गेल्या होत्या आणि पुढे खटल्यात त्यांनी साक्ष दिली. त्यांचे आईवडील स्वतः हिप्पी वस्त्यांत राहणारे. मुलगी कुणाकडे आहे याची फारशी चौकशी झाली नाही. कादंबरीतला एकटेपणा आणि आठवणींतला एकटेपणा एकमेकांजवळ येतात, पण आठवणींत उपासमार, मार आणि धाक यांना जास्त जागा आहे.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण टिम गेस्ट यांच्या ‘माय लाइफ इन ऑरेंज’ (२००४) या आठवणींचे. त्यांची आई भगवान रजनीशांची संन्यासिनी झाली आणि मुलाचे बालपण इंग्लंड, जर्मनी आणि ओरेगॉनमधल्या कम्यूनबरोबर पुण्याच्या कोरेगाव पार्कमधल्या आश्रमातही गेले. पुण्यात त्या आश्रमाबद्दल खूप बोलले गेले, पण ते मोठ्यांच्या दीक्षेबद्दल, पैशांबद्दल आणि वादांबद्दल. तिथल्या मुलांना आई केव्हा भेटत होती, हे या पुस्तकाने विचारले. गेस्ट यांचा सूर सुडाचा नाही. आईने मुक्ती शोधली आणि मुलाने आईला शोधले, एवढीच त्यांची तक्रार आहे.

मराठीत बुवाबाजीवर लिहिण्याची परंपरा मोठी आहे. आचार्य अत्र्यांच्या ‘बुवा तेथे बाया’पासून डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या प्रबोधनपर लेखनापर्यंत ती येते. दुसरीकडे ‘कोसला’ (१९६३) आणि मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) यांनी वाढत्या वयाची कादंबरी समृद्ध केली. या दोन वाटा मात्र फारशा एकत्र आल्या नाहीत. बुवावरच्या लेखनात बुवा मध्यभागी राहिला आणि मुलांवरच्या लेखनात बुवा आला नाही.

जे अनिर्णित आहे

पहिला प्रश्न निवडीचा. बार्कर यांनी मोजलेले नऊ जण, म्हणजे शिबिराला जाऊन परत आलेले, कादंबरीत दिसत नाहीत. तेच घर आणि तोच एकटेपणा असून एक मूल का थांबते? कादंबरी स्वभावतःच गेलेल्याची गोष्ट सांगते. त्यामुळे जाणे अटळ होते असा भास निर्माण होतो. तो भास दूर करण्याची युक्ती अजून फारशी कुणाला साधलेली नाही.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. चौदा वर्षांच्या मुलीने गुन्ह्याला हातभार लावला तर ती बळी की सहभागी? न्यायालयाला एक उत्तर द्यावेच लागते. मॅन्सनच्या साथीदारांपैकी गुन्ह्याच्या वेळी एकोणीस वर्षांच्या असलेल्या लेस्ली व्हॅन हाउटन यांची २०२३मध्ये, पन्नासहून अधिक वर्षांनी, पॅरोलवर सुटका झाली तेव्हाही मतभेद तितकेच तीव्र होते. कादंबरी दोन्ही उत्तरे शेजारी ठेवू शकते. तिचे बळ इथे आहे आणि मर्यादाही इथेच.

तिसरा प्रश्न कायद्याचा. फ्रान्सने २००१मध्ये माणसाच्या मानसिक दुर्बलतेचा गैरफायदा घेणे हा गुन्हा ठरवला. महाराष्ट्राने दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३मध्ये केलेला जादूटोणाविरोधी कायदा श्रद्धेला हात न लावता ठरावीक अघोरी कृत्यांना शिक्षा देतो. एका कायद्यात मनाच्या स्थितीचा निवाडा करावा लागतो, तर दुसऱ्यात कृत्य घडेपर्यंत थांबावे लागते. एव्हीसारख्या मुलीची पहिली सहा पावले दोन्हींच्या चिमटीत सापडणे कठीण आहे.

चौथा प्रश्न ‘मोठे होणे’ म्हणजे काय, हा. पाश्चात्त्य घाटाच्या कादंबरीत मूल मोठे होते म्हणजे घर किंवा पंथ सोडून एकटे उभे राहते. चिहिरो सोडत नाही. तिला अपूर्ण समजायचे, की नाती न तोडता डोळे उघडे ठेवणे हेही मोठे होणे मानायचे? एक पक्ष म्हणतो की दुसरी वाट मुलांना धोक्यात ठेवते. दुसरा म्हणतो की आईबाप गमावण्याची किंमत बाहेरून ठरवता येत नाही.

पाचवा, आणि सर्वांत कमी लिहिला गेलेला, प्रश्न नंतरच्या आयुष्याचा. बाहेर पडलेल्या माणसाला नोकरी शोधायची असते, रविवारचे काय करायचे ते ठरवायचे असते, कुणावर किती विश्वास ठेवायचा ते नव्याने शिकायचे असते. मूनबीमचे अर्धे पुस्तक आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या एव्हीची काही प्रकरणे सोडली तर बहुतेक कादंबऱ्या दरवाजाबाहेर येताच थांबतात.

निष्कर्ष

या कादंबऱ्यांचे सर्वांत मोठे काम असे की त्यांनी गुरूवरची नजर काढून त्याच्या आधी भेटणाऱ्या माणसाकडे वळवली: मैत्रिणीकडे, आईकडे, नाव विचारणाऱ्या पहिल्या अनोळखी मुलाकडे. समाजशास्त्राने नात्यांचे महत्त्व आधीच नोंदवले होते. ते नाते आतून कसे भासते हे कादंबरीने दाखवले. मन ताब्यात घेण्याचा सिद्धांत पूर्ण खरा ठरला नाही, मोकळ्या निवडीचाही नाही. कुंपणाआडच्या निवडीची तिसरी भूमिका या कथांशी सर्वांत जास्त जुळते, पण आत जन्मलेल्या मुलांपुढे तीही अपुरी पडते. पुढचे महत्त्वाचे लेखन त्यांच्याकडूनच येईल असे आजचे चित्र सांगते.

पालक आणि शिक्षकांना एक विनंती. ही पुस्तके अंधाऱ्या विषयाची म्हणून मुलांपासून दूर ठेवू नका, त्यांच्याबरोबर वाचा. वाचून झाल्यावर ‘ती किती मूर्ख होती’ असे म्हणू नका. त्या उन्हाळ्यात तिच्याशी रोज कोण बोलत होते, ते मुलांना विचारा आणि आपल्या घरातही तेच विचारा.